एकास शंभर

कळमनुरी
२१ ऑक्टोबर २०२४

पाईकराव साहेब,
सप्रेम जय भीम.

आपली ओळख नाही. काल हिंगोलीत छंदांच्या प्रदर्शनात आपली दोन कागदी विमानं पाहिली. खाली चिठ्ठीवर 'ज्यो. शे. पाईकराव' एवढंच होतं, पत्ता नव्हता. म्हणून हे पत्र प्रदर्शनवाल्यांकडं देऊन राहिलो. पोचवतो म्हणाले.

आधी कौतुक. मी कळमनुरीत लग्नपत्रिका छापतो, म्हणजे कागदाशी माझं रोजचं भांडण. त्यामुळं आपल्या विमानाच्या नाकाची गोलाई बघून पाय तिथंच रोवले. एक सुरकुती नाही, गोंदाचा एक डाग नाही. मागची रांग ओरडली तेव्हा हललो.

आता तक्रार. आपण ते दोन पंख्यांचं छोटं एटीआर आणि ते दांडगं बोईंग शेजारी शेजारी ठेवलंत, आणि दोन्ही जवळजवळ एकाच लांबीची! माझ्यापुढं एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "दोन्हीत सारखीच माणसं बसत असतील, नाही का?" एकात सत्तर बसतात, दुसऱ्यात साडेतीनशे! साहेब, म्हैस आणि शेळी एकाच उंचीची काढली तर म्हशीचाही अपमान आणि शेळीचाही. कुठलंही एक प्रमाण धरा आणि सगळी विमानं त्यातच करा, एवढीच विनंती.

रागावू नका. मीही हाच उद्योग करतो. या भागात दुसरं कुणी करत असेल असं कधी वाटलं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आपला,
प्रज्ञेश खिल्लारे

(पत्ता वर छापलेला आहे. लेटरहेडवरच्या मोरांकडं दुर्लक्ष करावं, ते गिऱ्हाइकांसाठी आहेत.)


हिंगोली
३० ऑक्टोबर २०२४

श्री. खिल्लारे यांस,

'ज्यो.' म्हणजे ज्योती. मी साहेब नाही.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. मी भूमी अभिलेख कार्यालयात आहे. लोकांच्या शेतांचे नकाशे काढते. बांध बोटभर सरकला तर सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, असं आमचं काम. मला माप शिकवणारा हा कोण, असं वाटलं. मग पट्टी घेऊन बसले. एटीआर एकास शंभर निघालं आणि बोईंग एकास अडीचशे. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

झालं असं, की बोईंग मी आधी केलं होतं. घरात जेवढा कागद होता त्यावर जेवढं मावलं तेवढं. एटीआर केलं तेव्हा हात बसला होता, मोठं करायची हिंमत आली होती. दोन्ही एका टेबलावर ठेवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. घरी मी आणि बाबा दोघंच असतो, त्यांनी कधी तक्रार केली नाही. तुमचं पत्र मात्र त्यांना वाचायला दिलं, तर म्हैस-शेळीपाशी ठसका लागेपर्यंत हसले.

पुढची विमानं एकाच मापात करीन. तुम्ही कुठलं प्रमाण धरता? आणि काहून? मला कारण लागतं.

ज्योती पाईकराव


कळमनुरी
८ नोव्हेंबर २०२४

ज्योती मॅडम,

साहेब म्हणलो त्याची माफी. माझी आई, जनकाबाई, शेजारी बसली होती. म्हणाली, "बाईमाणसाला साहेब लिहिलास? मग शिकून काय केलंस?" मी म्हणलं, आई, आता बाया पण साहेब असतात. तर म्हणते, "मग माफी काहून मागून राहिला?" तरी मागून टाकतो.

माझं प्रमाण एकास एकशे चव्वेचाळीस. म्हणजे खरं विमान बारा फूट, तर माझं एक इंच. जगात बरेच लोक याच मापात करतात, त्यामुळं नमुने सहज सापडतात. दुसरं, साध्या ए-फोर कागदावर काम भागतं. तिसरं आणि खरं कारण म्हणजे टीव्हीच्या वरची फळी. एवढ्या फळीवर माझी अख्खी धावपट्टी मावते. तुमच्या शंभराच्या मापानं सगळी केली तर आईला आणि मला ओसरीत झोपावं लागेल.

एकच दुखणं आहे. नाकाखालचं चाक या मापात ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. दोनदा कापलेलं चाक शिंकेसरशी उडून गेलं. एक तर आईनं पोह्यातून काढून दिलं.

प्रज्ञेश


हिंगोली
१९ नोव्हेंबर २०२४

श्री. खिल्लारे,

तुमची तीनही कारणं फळीची आहेत, विमानाची एकही नाही.

शंभरचं माप धरलं की डोकं लावावं लागत नाही. खऱ्याचा एक मीटर म्हणजे आपला एक सेंटीमीटर. सत्तावीस मीटरचं विमान सत्तावीस सेंटीमीटर. संपलं. तुम्ही मीटरला एकशे चव्वेचाळीसनं भागत बसता आणि मग म्हणता चाक उडालं.

पण माझं खरं कारण पाकिटात आहे. सांभाळून उघडा.

सापडली का? ती बाई दीड सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे खरी दीड मीटर. माझ्याएवढीच. तिच्या हातात पिशवी आहे, आणि पिशवीला बंद आहेत. हे शंभरात कापता येतं. तुमच्या मापात ती एक सेंटीमीटरची होईल आणि पिशवीचे बंद गळून पडतील. ज्या विमानाशेजारी माणूस उभा करता येत नाही ते किती मोठं आहे हे बघणाऱ्याला कसं कळायचं? प्रदर्शनातल्या त्या बाईंना हेच कळलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी एक माणूस उभा करायला हवा होता.

पटलं तर कळवा. नाही पटलं तर बाई परत पाठवा.

ज्योती पाईकराव


कळमनुरी
२७ नोव्हेंबर २०२४

ज्योती मॅडम,

बाई परत येणार नाही. दुकानात काउंटरवर काचेखाली उभी आहे. पत्रिका घ्यायला आलेला माणूस मजकूर तपासायचं सोडून आधी तिला बघतो. मला पटलं. आजपासून एकास शंभर. फळीवरच्या विमानांना ही बातमी अजून दिली नाही.

आता ऐका. शंभरात करायचंच तर जंबो करू. चार इंजिनांचं, पुढं पाठीवर दुसरा मजला असलेलं. लांबी सत्तर सेंटीमीटर, पंख चौसष्ट. एवढं मोठं बांधायला माझ्याकडं टेबल नाही, तुमच्याकडं असेल तर माहीत नाही. म्हणून वाटून घेऊ. नाक आणि वरचा मजला तुमचा, कारण ती गोलाई माझ्या बापजन्मात जमणार नाही. पंख, इंजिनं, शेपूट माझी. पंखांच्या पुढं जोड ठेवू. दोन्ही तुकडे झाले की एका दिवशी जोडून टाकू.

हिंगोली-कळमनुरी बसला पाऊण तास लागत नाही, आणि आपल्या पत्राला आठवडा. तुमचा नंबर द्या. दोन मिनिटं बोललो तर सगळं ठरेल.

प्रज्ञेश


हिंगोली
५ डिसेंबर २०२४

श्री. खिल्लारे,

जंबोला हो. फोनला नाही. मी फोनवर बोलत नाही. कृपया कारण विचारू नका.

खऱ्या जंबोचं पोट साडेसहा मीटर रुंद असतं, म्हणजे जोडाचं कडं पासष्ट मिलिमीटर. सगळे भाग मी संगणकावर काढले आहेत. पेनड्राइव्ह पाकिटात आहे. तुमचे भाग तुमच्या मशीनवर छापा, माझे मी इथं छापून घेते. जाड कार्ड वापरा, दोनशे जीएसएम. घडीच्या रेघा संपलेल्या रिफिलनं दाबा, कटरनं नको.

काही अडलं तर लिहा.

ज्योती पाईकराव


कळमनुरी
२ जानेवारी २०२५

ज्योती मॅडम,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. शेपूट उभी राहिली! एकोणीस सेंटीमीटर. आईनं तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालायच्या आत उचलली. चारपैकी तीन इंजिनं तयार आहेत. चौथं वसरामभाऊंच्या हातात गेलं. मुलाच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आले होते. इंजिन पार चेपेपर्यंत फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे विमानच छापा पत्रिकेवर." मी विचारलं, पोरगं परदेशात आहे का? "न्हाई, वारंग्याला हाये. पण विमान बेस दिसतं." छापलं. आता आणखी दोघं तेच मागून राहिलेत. तुमच्या जंबोनं तालुक्यात पाय रोवला.

एक गोष्ट लपवून ठेवत नाही. सोमवारी मी तुमच्या कार्यालयात फोन केला. पंखाच्या मुळाशी एक पट्टी कुठं दुमडायची ते कळंना, आणि तुमचा नंबर नसला तरी सरकारचा आहे. कुणीतरी उचलला. मी म्हणलं, पाईकराव मॅडम आहेत का? पलीकडं कुणी बोललं नाही. मी तीनदा हॅलो म्हणलं. मग ठेवून दिला.

मनात आलं ते लिहितो. घरचे रागावत असतील, तुमचं लग्न ठरलं असेल, किंवा मी नको तेवढी सलगी केली असेल. तसं असेल तर साफ सांगा. शेपूट पार्सलनं पाठवतो, तुम्ही विमान पुरं करा. वाईट मानणार नाही. म्हणजे मानीन, पण सांगणार नाही.

प्रज्ञेश


हिंगोली
२७ जानेवारी २०२५

प्रज्ञेश,

उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

फोन मीच उचलला होता. तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि पाईकराव मॅडम आहेत का असं तुम्ही विचारलंत. उत्तर साधं होतं, "मीच बोलतेय." तेही बाहेर आलं नाही. मी अडखळते. लहानपणापासून. ओळखीच्या माणसापुढं कमी, फोनवर सगळ्यात जास्त, कारण समोरच्याला माझा चेहरा दिसत नाही, त्याला वाटतं लाईन गेली. सगळ्यात मोठा वैरी 'प'. आणि माझं आडनावच प वरून. कुणी नाव विचारलं की मी आधी दमते.

लग्न ठरलेलं नाही. बघायला आले होते, बरेच जण. पाटावर बसवून नाव विचारतात. मी सुरू करते, आणि कुणीतरी माझ्या तोंडातलं वाक्य काढून घेऊन स्वतःच पुरं करतं. वाट बघायला नको म्हणून. पाहुणे 'कळवतो' म्हणून जातात. मला नकाराचं काही वाटेनासं झालं, पण त्या काढून घेतलेल्या वाक्याचं अजून वाटतं. गेल्या वर्षी बाबांना म्हटलं, आता कुणाला बोलावू नका. त्यांनी ऐकलं.

कागदावर मी कधी अडखळत नाही. तुमच्याशी गेले तीन महिने मी सरळ बोलले. ते संपेल अशी भीती वाटली, म्हणून गप्प बसले.

ती पट्टी आतल्या बाजूला दुमडायची. नाक तयार आहे. छान झालंय.

ज्योती


कळमनुरी
३१ जानेवारी २०२५

ज्योती,

पट्टी आत दुमडली. बसली.

तुमचं पत्र दुपारी आलं. दुकानात गर्दी होती, तरी शटर अर्धं ओढून वाचलं. तुमचं लग्न ठरलेलं नाही या ओळीपाशी मी जरा जास्त वेळ थांबलो, हे कबूल करतो.

फोन केला ते चुकलं. तुम्ही नको म्हणला होता. परत करणार नाही.

बाकीचं मला भ्यायसारखं वाटलं नाही. पण माझं दुखणं सांगून ठेवतो. तुम्ही म्हणता ना, वाक्यं पुरी करणारी माणसं? मी त्यातलाच एक आहे. आईची रोज करतो आणि रोज शिव्या खातो. गिऱ्हाईक "माझ्या मुलाचं" म्हणायच्या आत मी "लग्न आहे" म्हणून मोकळा. एकदा एक जण मुलाचं बारसं सांगायला आला होता. तेव्हा तुम्ही आलात तर मी तोंडात फेविकॉल धरून बसतो. माझ्याकडून दुसरी हमी नाही.

९ तारखेच्या रविवारी नाक घेऊन या. दुकान बंद असतं, टेबल मोकळं असतं. आई घरी आहे. बाबांना सांगून या.

प्रज्ञेश


हिंगोली
११ फेब्रुवारी २०२५

प्रज्ञेश,

तुम्ही तिथं होतात, तरी रविवारचं माझ्या बाजूनं लिहिते. तिथं मला हसण्यातून बोलायला सवड मिळाली नाही.

बसमध्ये नाक मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत दहा वेळा वाटलं, उतरावं आणि परत जावं. तुमच्या दारात आई उभ्या होत्या. मी त्यांना नाव सांगायला लागले, नेहमीसारखी अडकले. त्यांनी माझ्या हातातलं नाक घेतलं, उन्हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "सांग सावकाश. आमाला काही गाडी धरायची न्हाई." मग सांगितलं. अख्खं नाव, बाबांच्या नावासकट.

आणि मग तो जोड. तुमचं कडं घेतलं, माझं घेतलं, आणि माझं नाक तुमच्या पोटात सरळ आत निघून गेलं! बाटलीत झाकण पडावं तसं. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुम्हाला वाटलं तुमचीच चूक. मला म्हणायचं होतं "पट्टी द्या." मी 'प' वर अडकले, आणि फेविकॉल विसरून तुम्ही पाणी आणायला धावलात. तांब्या घेऊन आलात. मी मान हलवली, पुन्हा 'प'. तुम्ही पंखा लावला. कागद उडाले. तेव्हा मला जे हसू फुटलं, प्रज्ञेश, तसं मी बाहेरच्या माणसांत कधी हसले नव्हते. हसता हसता "पट्टी" म्हणाले, कसं कोण जाणे, एका दमात.

पट्टी लावली तर माझ्या कागदाच्या कोपऱ्यात माप तपासायला काढलेली दहा सेंटीमीटरची रेघ नऊ पूर्णांक सातची निघाली. काल कार्यालयासमोरच्या नासेरभाईंकडे गेले. त्यांच्याच मशीनवर छापलं होतं. म्हणाले, "मॅडम, चित्र कागदावर बसत नसलं तर मशीन आपसे आप बराबर करून घेते. तकलीफ नको म्हणून मीच तसं लावून ठेवलंय." म्हणजे माझं जंबो नाकापासून एकास एकशे तीन, आणि पंखांपासून एकास शंभर.

दुसऱ्याचा नकाशा असता तर मी आधी ती रेघ मोजली असती. स्वतःचा होता, म्हणून मोजली नाही. कार्यालयात हे कुणाला सांगू नका.

मध्ये कागदाची पट्टी घालून जोड झाकू असं तुम्ही म्हणालात. नको. नाक नवीन करते.

ज्योती


कळमनुरी
१७ फेब्रुवारी २०२५

ज्योती,

नासेरभाईंना माझा सलाम सांगा. त्यांनी मशीन बराबर लावलं असतं तर जोड पहिल्याच दिवशी बसला असता, तुम्ही चहा पिऊन निघून गेला असता, आणि दुसऱ्यांदा यायचं कारणच राहिलं नसतं.

तुम्ही बसमध्ये बसलात, मी स्टँडवरून परत आलो. आई म्हणाली, "दिवसभर तुझं तोंड चालू असतं. पोरगी बसची वाट बघत अर्धा तास उभी होती, तवा काहून बंद पडलं?" खरं आहे. मला काहीतरी विचारायचं होतं, आणि शब्द निघाला नाही. 'प' असो का दुसरं काही, पहिलं अक्षरच सापडंना. म्हणून तुमच्याच रस्त्यानं येतो, कागदावर.

माझ्याशी लग्न कराल का?

मी काही मोठा माणूस नाही. दुकान आहे, घर आहे, आई आहे. आई तुम्हाला पहिल्या दिवसापासून 'आपली ज्योती' म्हणते. मी जास्त बोलतो. तुम्ही बोलताना मात्र मला ऐकावंसं वाटतं, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होऊन राहिलं. त्या रविवारी तुम्ही शब्द जुळवत होता तेव्हा मी पाण्याला पळालो, कारण मला तुमची तकलीफ बघवली नाही. नंतर लक्षात आलं, तकलीफ तुमची नव्हती, माझ्या घाईची होती. पुढच्या वेळी बसून राहीन.

नको असेल तर नाक तेवढं पूर्ण करा. विमान पूर्ण व्हायला पाहिजे.

प्रज्ञेश


हिंगोली
२१ फेब्रुवारी २०२५

प्रज्ञेश,

२ मार्चच्या रविवारी नवीन नाक घेऊन येते. या वेळी रेघ मोजली आहे. बरोबर दहा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिणार नाही, तोंडी देईन. वेळ लागेल.

ज्योती


हिंगोली
३ मार्च २०२५

प्रज्ञेश,

आता आपल्याला पत्र लिहायची गरज उरली नाही, माझा नंबर तुम्ही काल तीनदा लिहून घेतलात. पण तुम्ही बस सुटेपर्यंतच पाहिलंत, पुढचं सगळं राहिलं. आणि हे फोनवर सांगायला गेले तर उद्याची दुपार होईल.

आधी तुमच्या दुकानातलं, कारण ते मला स्वतःच्या अक्षरात बघायचंय. तुम्ही टेबलापलीकडे बसलात, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी म्हणाले, मला तुमच्याशी लग्न करायचंय. मध्ये किती थांबले मला माहीत नाही, बाहेरून एक ट्रॅक्टर आला आणि गेला. तुम्ही हलला नाहीत. आई आतून "काय म्हणली?" म्हणून ओरडल्या तेव्हा तुम्ही "अजून म्हणून राहिली, थांब!" म्हणालात. त्यानंतर मी शेवटचा शब्द म्हणाले. हा माझा होकार पहिल्यापासून शेवटपर्यंत माझाच आहे.

आता बस. बाबांना दाखवायला जंबो घेऊन जा म्हणालात, पण सत्तर सेंटीमीटरचं विमान घेऊन रविवारच्या गाडीत शिरणं म्हणजे काय हे तुम्हाला शटर ओढून कळायचं नाही. दारातच कंडक्टर म्हणाला, "मॅडम, याचं तिकीट?" मी उत्तर जुळवेपर्यंत मागच्या सीटवरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "बाईमाणसासंगं हाये, अर्धंच लागंल." सगळी गाडी हसली. मला खिडकीची जागा मिळाली आणि एक पंख शेजारच्या ताईंच्या मांडीवर गेला. त्यांनी तो झोपलेल्या लेकरासारखा धरला.

मग प्रश्न सुरू झाले. हे कशाचं? कागदाचं. उडतं का? नाही. मग काहून केलं? खरं केवढं असतं? कितीजण बसतात? वर दुसरा मजला कशाला? एकेकाला उत्तर दिलं. अडखळले, पुष्कळ. म्हातारबाबा तर माझ्याबरोबर मान पुढं करून शब्दाची वाट बघत होते, आणि निघाला की "हां!" म्हणत होते. मला राग यायला हवा होता, आला नाही. हिंगोली येईपर्यंत शेजारी बसणारे बदलत पंखाखालच्या चार मांड्या झाल्या होत्या, आणि गाडीतल्या सगळ्यांना एकास शंभर म्हणजे काय ते कळलं होतं. आयुष्यात एका दिवसात एवढी बोलले नव्हते. घसा बसलाय.

स्टँडवर बाबा स्कूटर घेऊन आले होते. जंबो बघून त्यांनी स्कूटरकडं बघितलं, मग परत जंबोकडं. स्कूटर तिथंच ओळखीच्याच्या टपरीपाशी लावली. म्हणाले, "चल, चालत नेऊ." त्यांनी शेपूट धरली, मी नाक. उन्हं उतरली होती. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेनं विमान घेऊन निघालो, मी पुढं, ते मागं. रिक्षावाले थांबून वाट देत होते.

तोंड पुढं होतं म्हणून मला सोपं गेलं. चालता चालता मी त्यांना सगळं सांगितलं. म्हशी-शेळीचं पत्र लिहिणारा तोच, आई कशा आहेत, त्यानं काय विचारलं, मी काय सांगितलं. विमान एकदम जड झालं, म्हणजे बाबा थांबले होते. वळून बघितलं तर दोन्ही हातांत शेपूट, आणि डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नाही. मी म्हटलं, विमान खाली ठेवू या का? ते म्हणाले, "नको, मळंल."

मग त्यांनी एकच विचारलं.

"पोरगं तुझं बोलणं ऐकून घेतं का गं? पुरतं?"

मी म्हटलं, "घेतं, बाबा."

"मग चल," म्हणाले, आणि शेपूट जरा वर उचलून चालायला लागले. पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो आहोत. त्यांनी विचारलंय, आईंना चहा गोड चालतो का.

ज्योती